पिपाणीचा जाड आवाज

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत एकुलती एक बाई इंजिनिअर. कामात वाघीण, पण आवाज इतका बारीक की ऑफिसने तिचं नावच पाडलं पिपाणी. मी शेजारच्या टेबलावर नकाशे काढते, त्यामुळे तिचा छळ मी रोज फुकटात ऐकलाय.

फोन यायचा, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय!" ही सांगायची, "मेन स्विच बंद करा, दार ओढू नका, आतल्यांना धीर द्या. आम्ही निघालोच." पलीकडचं उत्तर ठरलेलं, "ते सगळं ठीक आहे हो बाई, पण साहेबांना द्या ना." घरीही तीच तऱ्हा. मिक्सर बिघडला की सासूबाई मुलाला हाक मारणार, मुलगा तो बायकोपुढे ठेवणार, ही दुरुस्त करणार आणि चालू झाला की सासूबाई म्हणणार, "माझ्या बाळाच्या हाताला गुणच आहे!"

एकदा एका सोसायटीच्या सेक्रेटरीने तिचं न ऐकता पहारीने दार उचकटलं. नशीब, कुणी खाली पडलं नाही. त्या दिवशी मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. पुढचा फोन वाजला तेव्हा आमचे व्हॅनवाले ड्रायव्हरकाका चहा पीत बसले होते. काकांचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. तिने रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला. "काका, मी सांगते तस्सं बोला."

"मेन स्विच बंद करा!" काका गरजले.

"हो साहेब! लगेच साहेब!"

झालं, तीच पद्धत पडली. ही कुजबुजणार, काका गरजणार. काकांनाही चटक लागली. शेवटी "कळलं का?" हे ते पदरचं घालायचे.

मग मुख्य इंजिनिअर निवृत्त झाले. बारा वर्षं राबलेल्या पिपाणीला ती खुर्ची हवी होती, आणि का नसावी? पण मालक आले ते ग्राहकांची तीन पत्रं नाचवत. "तुमच्याकडच्या भारदस्त आवाजाच्या साहेबांना मुख्य करा, असं लिहिलंय. कोण हे साहेब?"

पिपाणी मान खाली घालून फाईल चाळायला लागली. मला काही राहवेना. मी सरळ काकांकडे बोट दाखवलं.

"तुम्ही?" मालक चक्रावले. "बरं, लिफ्ट मध्येच अडकली तर काय कराल?"

काका चहाचा कप खाली ठेवून उठले. "बाईंना विचारीन. आणि त्या सांगतील ते जाड आवाजात सांगीन."

मालकांनी पत्रं घडी घालून खिशात टाकली. मग खाकरून काकांनाच म्हणाले, "मग विचारा बाईंना, मुख्य इंजिनिअर होणार का?"

काकांनी सवयीने तिच्या तोंडाशी कान नेला. तिने त्यांना हलकेच बाजूला सारलं.

"मालक, मी इथेच उभी आहे. मला विचारा."

मालकांनी मुख्य इंजिनिअरची रिकामी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिलाच विचारलं.

"होईन," ती म्हणाली, त्याच बारीक आवाजात. मला तर रडूच आलं.