एकट्याला जोडी म्हणणार नाही

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी फैजपूरला घरी होतो. दफनाला भुसावळला गेलो आणि तीन दिवसांनी कारखान्यातल्या शोकसभेलाही. तिथे आमचे मॅनेजरसाहेब म्हणाले, "सगळ्यांशी जुळवून घेणारा माणूस गेला." तीन आठवडे झाले, ते वाक्य मला पचलेलं नाही. सलीमभाईंनी जुळवून घेतलं असतं, तर हे लिहायला मी उरलोच नसतो.

जळगावजवळच्या आमच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायला कंट्रोलरची, म्हणजे आपोआप नियंत्रण करणाऱ्या यंत्रांची, जोडी आहे. एक बंद पडला की दुसरा त्याच क्षणी काम हाती घेतो. काही वर्षांपूर्वी त्यातला एक जळाला आणि जोडीदार नसल्याचा अलार्म सारखा वाजू लागला. नवा यायला महिना लागणार होता. साहेब म्हणाले, "सेटिंग बदला, एकट्यावर चालवा. अलार्म गप्प होईल. कागदावर सगळं ठीक लिहा." उभं आयुष्य ही यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलेले सलीमभाई शांतपणे म्हणाले, "एकट्यावर चालवतो साहेब, पण त्याला जोडी म्हणणार नाही. प्रत्येक पाळीत बॉयलरपाशी माणूस उभा करा, तरच सही." तसं त्यांनी लिहूनही दिलं. साहेबांनी कागद भिरकावला. भाईंनी तो उचलून पुन्हा टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी स्टोअरमध्ये झाली... पाळ्या मात्र आम्ही लावल्या. जेवणाच्या सुट्टीत भाई स्वतः येऊन उभे राहत. मी कुरकुरलो, तर चिडले की येणाऱ्या त्यांच्या खानदेशीत म्हणाले, "एकटा शे तो. त्याना मांगे कोनी तरी जोयजे ना!" एकट्याच्या पाठीशी कुणीतरी हवंच, एवढंच त्यांचं म्हणणं.

अकराव्या दिवशी भरदुपारी तो एकटा कंट्रोलरही गोठला. पडद्यावरचे आकडे थिजले, पण भट्टी धगधगत होती आणि दाब चढत होता. मी पडद्यासमोर नुसता बघत राहिलो. बॉयलरपाशी उभ्या भाईंनी दाबमापकाच्या काट्याकडे पाहिलं आणि इंधनाचा तापलेला व्हॉल्व्ह उघड्या हातांनी फिरवून बंद केला. तळहात सोलवटले. त्याच हातांनी त्यांनी अहवाल लिहिला, साहेबांच्या शब्दन्‌शब्दासकट.

नवा कंट्रोलर आला, भाईही जागेवर परतले. मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सगळ्यांदेखत चालू कंट्रोलर मुद्दाम बंद करत आणि दुसरा काम उचलतो का ते बघत. साहेबांना ते कधीच आवडलं नाही. परवा तो सोमवार आला... पॅनलच्या खोलीत कुणीच हलेना. मी उठलो, बटण बंद केलं. दुसऱ्यानं काम उचललं. साहेब तरातरा आत आले.

"कोणाच्या परवानगीनं?"

"सलीमभाईंच्या," मी म्हणालो.