कासमचाचांचा मफलर

स्वस्ति श्री. कृत्रिमतंतुकुलावतंस, फास-गाठ-गुठळी-शास्त्रपारंगत, दातेरीचक्रचूडामणी, रत्नागिरी औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडचे भूतपूर्व पाळीप्रमुख, इत्यादी बिरुदे मिरवणारा प्रस्तुत लेखक भित्रा आहे.

हे एवढे विधान करण्यासाठी एका माणसाला मरावे लागले.

कासमचाचा काल गेले. मांडवीचे. आमच्या फॅन्सी यार्नच्या कारखान्यात ते मशीन चालवत. त्याआधी अर्धे आयुष्य मासेमारीची जाळी विणण्यात गेलेले. त्यामुळे धाग्यातला दोष त्यांच्या डोळ्यांआधी बोटांना कळे.

अज्ञजनांसाठी निवेदन: चांगला गुळगुळीत पॉलिएस्टर धागा विधिपूर्वक बिघडवणे, हा आमचा व्यवसाय. एक धागा ताणून धरायचा, दुसरा त्याहून वेगाने सोडायचा. जास्तीची लांबी जाणार कुठे? तिचे फास होतात. तिसरा बारीक धागा त्या फासांना बांधून ठेवतो.

दुसरा धागा किती वेगाने सोडायचा, ते मशीनमधल्या एका दातेरी चाकावर ठरे.

कोणते चाक, ते मशीनवर टांगलेल्या कार्डावर लिहिलेले असे.

कार्ड मी लिहीत असे.

साल २००१. एका संध्याकाळी मी प्रयोगार्थ चाक बदलले आणि पूर्ववत करायला विसरलो. कार्डावर जुनेच चाक. सकाळी चाचांनी कार्ड वाचले, बिस्मिल्ला म्हटले आणि मशीन सुरू केले.

तासाभरात ते माझ्या टेबलापाशी.

"साहेब, धागा हाताला बरा लागत नाय. चाक बघूया काय?"

"चाचा, कार्ड हेच प्रमाण!" मी उद्गारलो. संस्कृत शब्द वापरला की उद्धटपणालाही भारदस्तपणा येतो.

दुपारी मालक आले. नाजूक फासांच्या जागी सुरवंटासारख्या गुठळ्या. अख्खा लॉट.

"हे कोणी केलं?"

तोवर मी गुपचूप चाक पाहून आलो होतो. कार्ड माझ्या खिशात होते.

"चाचांकडून झालं," मी म्हणालो.

चाचांनी मशीनवरच्या रिकाम्या हुकाकडे पाहिले. मग माझ्या खिशाकडे.



त्यांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवले.

पुढे त्याच गुठळ्यांच्या धाग्याचा एक कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेले रीळ, चुकून नमुन्यांच्या खोक्यातून मुंबईला गेला. व्यापारी प्रसन्न. भली मोठी ऑर्डर.

मालकांनी विचारले, "हे डिझाइन कोणाचं रे?"

"माझं," प्रस्तुत लेखक वदला.

गुठळी तीच. बिघाड ठरली तेव्हा चाचांची, डिझाइन ठरली तेव्हा माझी.

'चाचांना मशीनवर परत घ्या', हे एक वाक्य त्या क्षणी सहज खपले असते. पण चाचा परतले तर चाकाची कथाही परतेल, हे भय. म्हणून कारखाना बंद पडेपर्यंत, चांगली पाच वर्षे, जाळी विणणारी ती बोटे माझ्या कीर्तीचे कोन प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत राहिली.

मी रोज त्यांच्या समोरून जात असे. ते रोज सलाम करत.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पुडके ठेवले. उरल्यासुरल्या गुठळीच्या धाग्याचा, चाचींनी विणलेला मफलर.

रत्नागिरीत. मफलर.

"अहो चाचा, इथे थंडी कुठाय?"

"असू दे हो साहेब. तुमचाच नमुना आहे."

काल दफनाला तो गळ्यात घालून गेलो. घामाने निथळत, सर्वांत मागे उभा. सगळे आटोपल्यावर चाचांचा मुलगा युसुफ जवळ आला.

"अब्बा तुमचं नाव काढायचे."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, त्या साहेबांचं अक्षर म्हणजे मोती."

कार्डावरचे अक्षर.

तिथेही मी मान तेवढी हलवली. म्हणून जे बोलायला हवे होते, ते इथे, सर्वांसमक्ष, एकही समास न वापरता लिहितो.

युसुफ, चाक मी बदलले होते. कार्ड मी लपवले. तुझे अब्बा चुकले नव्हते.

चाचा, आज सलाम मी करतो.

ता. क. मफलरचा एक फास शर्टाच्या दुसऱ्या बटणात अडकला आहे. ओढला तर वीण उसवते. कापवत नाही. कालपासून हाच शर्ट अंगात आहे, आणि उकाडा असह्य आहे. सुटण्याचा काही उपाय कोणास ठाऊक असल्यास कळवावे.