पिशवीला बिडीची गाठ

आठवीत शाळा सोडली ती मालवणकडे, आणि काचेची भांडी धुवायला लागले ती गोंदियात. मधे लग्न आणि नवऱ्याची रेल्वेतली नोकरी. एका फार्मसी कॉलेजातल्या म्याडमनी मला प्रयोगशाळेत कामाला घेतलं, ते उपकार मी अजून विसरले नाही.

म्याडम पीएच.डी. करत होत्या. कॅन्सरची दोन औषधं, एक लाल, एक हळदीतलं पिवळं, एकाच बारीक कणात बसवायची. म्हणजे दोघं सोबत जातील आणि हळूहळू सुटतील. "ताई, केसाच्या जाडीत असे शेकडो कण मावतील," त्या म्हणाल्या. झालं! मी आठवडाभर टेबल झाडलंच नाही. शिंक आली की व्हरांड्यात पळायची. शेवटी त्यांनीच विचारलं, "ताई, तुम्हाला सर्दी आहे का?" कण बाटलीत बंद असतात हे मला तेव्हा कळलं.

औषध किती हळू सुटतं ते बघायला कणांचं पाणी एका पातळ, आतड्यासारख्या पिशवीत भरायचं, दोन्ही तोंडं बांधायची, पिशवी पाण्यात सोडायची आणि तासातासाला बाहेरचं पाणी तपासायचं. म्याडमची गाठ दोनदा सुटली. सगळं औषध भसकन बाहेर. त्यांचे गाईड सर म्हणाले, "एक बार और. नहीं तो टॉपिक बदलो." पिशवीचा तुकडा उरला होता एकच. म्याडम तो उचलायच्या आणि परत ठेवायच्या. माझी गाठ मात्र कधी सुटली नव्हती.

"म्याडम, मी बांधू?"

गाठ मला घरमालकीण काकीनं शिकवली होती. ती दिवसभर ओट्यावर एका कारखान्यासाठी बिड्या वळायची. मी गोंदियात नवी नवी रडत बसायची तेव्हा म्हणाली होती, "याद येऊन राहिली तं बस इथं, दोरा गुंडाळ. हात चालले का डोळे थांबतेत." खरंच थांबले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्या बिड्यांना दोरा बांधते.

प्रयोगशाळेतला दोरा निसटत होता. माझ्या पदराच्या गाठीत काकीची दोऱ्याची गुंडी होतीच. गुंडाळलं, ताणलं, टोक नखानं आत सारलं. एक थेंब गळेना. मी खुशीत भांडी धुवायला गेले.

तासाभरानं हाक आली, "ताईऽऽ!"

ग्लासातलं पाणी गुलाबी झालं होतं. लाल औषध फुटून बाहेर आलं! म्याडम मटकन स्टुलावर बसल्या. मला परतीची गाडी दिसायला लागली, तिकिटासकट. सर आले, वाकून बघितलं. "ये शरबत किसने बनाया?"

कोणी हसलं नाही. मी तोंड झाकायला हात वर नेले आणि बोटं दिसली. गुलाबी! रोज संध्याकाळी असतात तशीच. काकीच्या कारखान्याचा दोराच तसला, रंगीत.

मी स्वच्छ ग्लासात दोऱ्याचं एक टोक टाकलं. तिघंही वाकलो. दोरा हळूहळू रंग सोडायला लागला.

"बीडी का धागा?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"कैंसर की दवाई को?"

म्याडमना जे हसू फुटलं ते डोळ्यांतून पाणी येईतो. सरही हसले, मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "गाठ मत बदलना."

पिशवी तशीच फुगीर होती, म्हणजे गाठ धरून होती. तोच दोरा चार वेळा उकळला, पांढरा पडल्यावर पुन्हा बांधला. ताजं पाणी घेतलं. दुपार झाली, चार वाजले, पाणी नितळ. मशीन मात्र दर तासाला थोडं थोडं औषध दाखवत होतं, म्याडमना हवं तसं. टॉपिक राहिला. त्या दिवशी चहा म्याडमनी केला आणि मला त्यांच्या स्टुलावर बसवलं.

संध्याकाळी काकी म्हणाली, "काऊन वो, एकटीच हासून राहिली?"

मी सगळं सांगितलं. तिनं हातातली बिडी वर धरून दाखवली.

"जनमभर बिमारी बांधून राहिली मी. एक तं दवाई बांधल्या गेली माह्या गाठीनं." मग हात पुढे केला. "उरला दोरा आण. मालकाचा हाय थो."