आर्डिसचा बाण आणि मफिनचा साचा

गेल्या उन्हाळ्यात क्वालांच्या घरी मफिन झाले नाहीत. पीठ होतं, लोणी होतं, खाणारा तर केव्हाचा तयार होता. पण साचा अडकला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो कायमचा मांडलेला असे आणि त्याच्या खळग्याखळग्यांत आर्डिसने धातूचे इवले इवले तुकडे ठेवले होते. एकात ॲल्युमिनियमचे, एकात पितळेचे, एकात पोलादाचे, आणि कोपऱ्यातल्या खळग्यात हातरुमालाची गादी करून टायटॅनियमचे दोन. नॉर्व्हल न्याहारीची बशी मांडीवर घेऊन बसे आणि सुस्कारे सोडी.

"लोकांच्या बायका शिंपले जमवतात," तो म्हणे. "आमच्याकडे बुचं जमतात."

"बुचं नाहीत ती. इन्सर्ट आहेत."

"खाता येतात का?"

"नाही."

"मग बुचंच."

आता, शिकारीचा बाण आजकाल कार्बनचा असतो आणि आतून पोकळ असतो, हे आमच्या टॅमरॅक फोर्कमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पातं थेट त्या पोकळ दांडीला लावता येत नाही. आधी दांडीच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी, आतून आटे पाडलेली एक नळी चिकटवायची आणि मग त्या आट्यांत पातं फिरवून बसवायचं. ती नळी म्हणजे इन्सर्ट. धनुष्याबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, पात्यांवरून तर भावाभावांत अबोला धरल्याचं मी पाहिलंय. इन्सर्टबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दांडीबरोबर पुडीत फुकट येतो तो चिकटवायचा आणि विसरायचा. आर्डिसनेही आयुष्यभर तेच केलं होतं.

आर्डिस क्वाल ही आमच्या शाळेच्या भटारखान्यातली मुख्य आचारीण. साठी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत. या खोऱ्यात चाळिशीच्या आतला जो कोणी आहे, तो तिच्या हातचं खाऊन वाढलाय आणि तिच्या पळीला घाबरतो. धनुष्य तिला वडिलांनी शिकवलं. दर सप्टेंबरला ती एकटी डोंगरात जाते आणि बहुतेक वर्षी वर्षभराचं एल्कचं, म्हणजे आमच्याकडच्या थोराड सांबराचं, मटण घेऊन येते. तिचा नवरा नॉर्व्हल गावचा न्हावी. त्याला रक्त बघवत नाही. म्हणजे नुसतं बघवत नाही असं नाही, तो आडवाच होतो. त्यामुळे या जिल्ह्यात त्याच्याइतकी हळुवार दाढी कुणी करत नाही. गिऱ्हाइकाला खरचटलं तर आधी न्हाव्याला सावरावं लागेल, हे त्याला पक्कं माहीत आहे.

तर त्या उन्हाळ्याच्या आदल्या सप्टेंबरात आर्डिसच्या हातून एक नर एल्क जखमी होऊन निसटला. बाण खांद्याला लागला. जनावर झाडीत गेलं. ती माग काढत राहिली. मग आम्हीही गेलो, शेजारचे सगळे, शिकारी कुत्रं घेऊन. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत होते, पुढे नव्हते. जनावर मिळालं नाही. बाण मात्र गवतात सापडला. इन्सर्ट आट्यांपाशी वाकला होता, पातं तिरकं होऊन बसलं होतं. मागून आलेला सगळा जोर हाडात शिरायच्या ऐवजी बाजूला वाया गेला होता.

आमच्याकडे एल्कच्या परवान्याबरोबर कागदी टॅग मिळतो. जनावर पडलं की त्यावरचा महिना आणि तारीख चाकूने खाचून काढायची. त्या वर्षाची शिकार संपली. जनावर हाती लागलं नाही तर टॅग कोरा राहतो आणि कायद्याने माणूस पुन्हा जायला मोकळा. पण या खोऱ्यात काही जुनी माणसं आहेत, ती कायद्याच्या पुढचं पाळतात. आर्डिसने ओढ्याच्या काठावर बसून चाकू काढला आणि टॅग खाचला. "जनावर माझ्या नावावर गेलंय," एवढंच म्हणाली. घरी आली, धनुष्य मागल्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलं आणि नॉर्व्हलने केलेली अंडी खाल्ली.

त्या हिवाळ्यात गावातून मटणाची पुडकी आली. कुणी थेट देत नसे. दारात ठेवून पळत. आर्डिस ती उचलून चर्चच्या फ्रीझरमध्ये नेऊन टाकी. घरात कोंबडी शिजे. चर्चच्या रविवारच्या जेवणाला नॉर्व्हलची भक्ती एकाएकी का वाढली, ते पाद्रीबाबांना कळलं नाही, आम्हाला कळलं. रस्सा तो दोनदा घेई.

बर्फ वितळायला लागल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "ज्याच्यावर विसंबता येईल असा बाण सप्टेंबरच्या आत झाला तर जाईन. नाहीतर धनुष्य देऊन टाकते. तू त्या खिळ्याला घड्याळ लाव."

"घरात घड्याळं कमी आहेत का?" नॉर्व्हल म्हणाला. पण त्या दिवशी दुकानात त्याने एका गिऱ्हाइकाचे कल्ले खालीवर कापले. चाळीस वर्षांच्या संसारात बायको सप्टेंबरात पहाटे दार ओढून गेली की हा उशी उलटी करून पुन्हा झोपायचा. त्या दाराचा आवाज बंद होणार, हे काही त्याला झेपत नव्हतं.  घड्याळ मात्र आणलं नाही.

धनुष्यबाणांचं सामान आमच्याकडे टीग बोर्डेनकडे मिळतं, टायरच्या दुकानामागच्या खोलीत. टीग दाढीवाला, आडदांड, दोन मुलींचा बाप. पण आर्डिस आत आली की तो अजून उभा राहतो.

"मिसेस क्वाल, खांद्याच्या हाडावर मारल्यावर बाण तरी काय करणार बिचारा?"

"वाकायचं नाही, एवढं तरी करावं त्याने."

"फार जाड हाड असतं हो ते."

"टीग, एल्कची हाडं आता तू शिकवणार मला? चौथीत गाजरं मोज्यात लपवत होतास."

"बुटात," टीग म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "मोज्यात लगेच कळायचं."

मग त्याने खण उघडून तिच्यापुढे सगळे धातू मांडले. शेवटी ॲल्युमिनियमचं एक बारीक कडंही ठेवलं. "आणि हे बाहेरून बसवा. दांडीच्या तोंडावर."

आर्डिसने कडं दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. "बांगडी? बाळा, मी शिकारीला चाललेय, नाचाला नाही." कडं खणात परत गेलं.

तिच्या परसात मग प्रयोग सुरू झाले. गवताच्या भाऱ्यावर जाड प्लायवूड, त्यापुढे खाटकाकडून आणलेलं बैलाच्या फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, हाड. पहिल्या दिवशी नॉर्व्हल खुर्ची टाकून बघायला बसला. हाडाला थोडं मांस राहिलं होतं. तो आत निघून गेला आणि त्यानंतर खिडकीतूनच, पडद्याआडून विचारी, "काय झालं?"

"वाकला," आर्डिस म्हणे. हा ॲल्युमिनियमचा.

"आता?"

"उशिरा वाकला." हा पितळेचा.

टायटॅनियमचे दोन टीगने नुसते दाखवायला दिले होते. ते वाकण्यातले नव्हते, पण फार हलके. तिला बाणाच्या तोंडाशी वजन हवं होतं. ते रुमालासकट परत गेले. पोलादाचा मात्र हाडावर आदळला, हाड तडकलं, पातं पार पलीकडे गेलं आणि इन्सर्ट जसाच्या तसा. त्या संध्याकाळी क्वालांकडे रानातल्या हकलबेऱ्यांचा केक भाजला गेला. नॉर्व्हल गुणगुणत होता. बाण मिळाला, खिळा वाचला, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी तिने हाड तिरकं लावलं. "एल्क काय फोटो काढायला उभा राहतो का?" असं पडद्याला उद्देशून म्हणाली आणि बाण सोडला.

बाहेर नुसतं 'कड्' वाजलं. नॉर्व्हलने पडदा बाजूला केला. आर्डिस बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती. पोलादाला ओरखडासुद्धा नव्हता. पण त्याच्या मागे दांडी वाटाण्याच्या शेंगेसारखी उभी उकलली होती. इन्सर्ट वाकायला तयार नव्हता, म्हणून सगळा मार दांडीने खाल्ला होता.

"दोष गेला नाही, नॉर्व्हल," ती म्हणाली. "बोटभर मागे सरकला फक्त."

सगळ्यांत कठीण ते सगळ्यांत चांगलं, असं आमच्या खोऱ्यात सगळेच समजतात. ट्रक घेताना, कुंपण घालताना, काही जण सासरे निवडतानाही. ती चूक तिचीही झाली, त्यात नवल नाही. नवल पुढे झालं. नॉर्व्हल हाडाकडे पाठ करून, खेकड्यासारखा चालत परसात आला. हातात त्याचा दाढीचा ब्रश होता, त्याच्या वडिलांपासून चालत आलेला.

"हे बघ. रोज गरम पाणी, रोज आपटणं. तरी मूठ चिरली नाही. का?" त्याने केसांच्या बुडाशी असलेल्या पितळी कड्यावर नख वाजवलं. "याने आवळून धरलंय."

आर्डिसने कड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "टीगने सांगितलं होतं."

"काय?"

"बांगडी."

"मग?"

"मग मी त्याची गाजरं काढली."

टीगच्या दुकानात ती पुन्हा गेली. त्याने खण उघडला आणि एक पुडी काढून ठेवली. कडी तिच्या दांडीच्या मापाची आधीच वेगळी काढलेली होती.

"एक शब्द बोललास तर याद राख."

"मी कुठे काय बोलतोय, मिसेस क्वाल?"

"तुझे कान बोलतायत."

शेवटी ठरलं ते असं: पोलादाचाच इन्सर्ट, पण जरा लांब, म्हणजे मार एका जागी न बसता दांडीत पसरेल, आणि बाहेरून कडं. तोंड जड झाल्यावर बाण हवेत शेपूट हलवायला लागला, म्हणून आधीपेक्षा ताठ दांड्या घेतल्या. चिकटवायच्या दिवशी स्वयंपाकघरात कुणाला प्रवेश नव्हता. दांडीचं तोंड आतून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसायचं, कापूस पांढरा निघेपर्यंत. मग इन्सर्टला सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी लावायचं आणि तो फिरवत फिरवत आत सारायचा, कुठे हवा राहायला नको. मग बाण तोंड खाली करून उभे ठेवायचे. घाईने मेणासारखा वितळणारा गोंद वापरला की उखडतो, असं ती प्रत्येक बाणाला सांगत होती. दुसऱ्या दिवशी हाड सरळ लावलं, तिरकं लावलं. बाण शाबूत राहिला.

सप्टेंबर उजाडला. पहाटे मागलं दार वाजलं आणि नॉर्व्हलने उशी उलटी केली.

दुपारी ती परत आली. बाण सगळे जागच्या जागी.

"दिसला नाही?"

"दिसला. मोठा नर. पार जवळ आला." तिने बूट काढले. एक हातातच राहिला. "माझ्याकडे तोंड करून तिरका उभा होता. खांदा पुढे, काळीज त्याच्याआड. दोर पूर्ण ओढला होता मी."

"मग? बाण आता चांगला झालाय ना?"

"बाण चांगलाच आहे." तिने बूट खाली ठेवला. "गेल्या वर्षीही असाच उभा होता, नॉर्व्हल. अगदी असाच. तेव्हा मी बाण सोडला."

 नॉर्व्हलने अंडी फोडायला घेतली. उन्हाळाभर जी बाई धातूला जाब विचारत होती, तिने त्या सकाळी दोर हळूच सैल केला होता आणि एल्कला जाऊ दिलं होतं. नॉर्व्हल मला नंतर म्हणाला, "मला वाटलं, संपलं. आता घड्याळ आणावंच लागणार." संध्याकाळभर तो खिळ्याकडे चोरून बघत होता. धनुष्य तिथे लागलंच नाही. ते टेबलावर होतं आणि आर्डिस दोराला मेण लावत होती.

पुढच्या शनिवारी तिने एक मादी मारली. आडवी उभी, शांत, खांद्याच्या मागची बरगडीची जागा समोर. बाण दोन बरगड्यांच्या मधून आरपार गेला आणि पलीकडच्या मातीत रुतला. जनावर थोडं चाललं आणि बसलं. आर्डिसने टॅग खाचला, या वेळी जनावरापाशी गुडघे टेकून. आम्ही मटण खाली आणायला गेलो. नॉर्व्हलही आला, सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "चढवा. माझ्या पाठीला डोळे नाहीत." सगळ्यांत जड बोजा त्यानेच आणला.

टीगने बाण घासूनपुसून तपासला. पातं, आटे, कडं, दांडी.

"मिसेस क्वाल, याने हाडाला स्पर्शसुद्धा केला नाही."

"नाही."

"म्हणजे पुडीत फुकट येतो तो इन्सर्ट असता तरी चाललं असतं."

"चाललं असतं."

"मग उन्हाळाभर आपण—"

"जेव, बाळा," आर्डिस म्हणाली.

क्वालांच्या टेबलावर त्या रात्री रस्सा होता आणि तिने वर्षभरात पहिल्यांदा एल्कचा घास घेतला. सावकाश चावला. सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं. साचा रिकामा झाला होता, म्हणून नॉर्व्हलने मफिनही केले होते, आणि साचा रिकामा करताना त्याने तो नीट बघितला नव्हता. टीग दुसऱ्या मफिनला एकदम थांबला, गालाला हात लावला आणि तोंडातून काहीतरी काढून दिव्याजवळ धरलं.

"पितळ," तो म्हणाला.

"वाकलं?" आर्डिसने विचारलं.

"नाही. मागची दाढ हललीय."

आर्डिस हसली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भांडी आवरताना नॉर्व्हलला फडताळात मिठाच्या बरणीमागे गेल्या वर्षीचा तो वाकलेला इन्सर्ट सापडला. "हा टाकू आता?" त्याने विचारलं.

"आण इकडे," ती म्हणाली, आणि दाराआडच्या शिकारीच्या कोटाच्या खिशात तो टाकून, वरून बटण लावलं.