शेपटीतली छत्री

ग्लाफिरा तिखोनोव्हनाने सारी उमर विमानांच्या छत्र्यांच्या घड्या घालण्यात काढली. माणसाला वाचवणाऱ्या छत्र्या नव्हेत, जमिनीवर उतरताच मागे उघडून विमानाला थांबवणाऱ्या.

आमच्या श्वेत समुद्राकाठच्या तळावरचं लढाऊ विमान म्हणजे निम्म्याहून जास्त इंजिनच. आखूड पंख, एका माणसापुरती जागा. उत्तरेकडून परकं बाँबफेकी विमान आलं, की बाणासारखं सुटायचं आणि आपली गावं लागायच्या आत त्याला गाठायचं, एवढंच त्याचं काम. गिरक्या मारायला, रेंगाळायला ते केलेलंच नव्हतं. करणाऱ्यांनी सगळा जीव वेगात ओतला आणि थांबायची सोय तेवढी शेपटीत कोंबली.

धावपट्टीच्या टोकाला गळून पडलेल्या ओल्या छत्र्या ग्लाफिरा वाळवायची, पोरीचे केस विंचरावेत तशा त्यांच्या दोऱ्या सोडवायची. विटलेल्या छत्र्या बायका घरी न्यायच्या. वसाहतीतला प्रत्येक पडदा कधी ना कधी विमानामागे फडफडलेला होता.

तिचा नवरा सावेली विमानाचा मिस्त्री. आमच्याकडे विमान मिस्त्रीचंच असतं, वैमानिक ते उसनं नेतो. देशाचं नाव बदललं त्या वर्षी सावेलीचं विमान दूरच्या तळावर नेऊन मोडायचा हुकूम आला. सावेलीला घास जाईना. शेवटी बायकोजवळ येऊन तो हळूच म्हणाला,

"ग्लाशा, छत्री फाटलीय म्हणून सांग. दुसरी शिल्लक नाही. विमान हलणार नाही."

"अन् त्यांनी बिनछत्रीचंच धाडलं तर? तिकडची पट्टी आखूड, पुढे नदी. उडवणारा रोदिओन काय पोहत परत येईल?"

सावेली खिडकीतून विमानाकडे बघत राहिला.

"लग्नातही माझ्यासाठी एवढा कासावीस झाला नव्हतास, म्हाताऱ्या," ती म्हणाली, आणि घडी घालायला गेली.

पण छत्री शेपटीत बसवायचं काम मिस्त्रीचं. सावेली ते गाठोडं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून उभा राहिला. वैमानिक रोदिओनने रीतीप्रमाणे विचारलं, "सावेली इग्नात्येविच, देता ना मला?"

सावेलीने गाठोडं आणखी घट्ट धरलं. ग्लाफिरा दुरून बघत होती. मग सावेलीने गाठोडं आत सारलं, झाकण लावलं, पुन्हा चाचपलं आणि विमानाच्या पोटावर थाप मारली.

"ने. पण आपटू नकोस."

विमान गेल्यावर तो टेलिफोनपाशी बसून राहिला. चहा निवला. घंटी वाजताच त्याने झडप घातली.

"छत्री उघडली?"

ऐकून त्याने रिसीव्हर ठेवला. पूर्ण उघडली, नदीच्या कितीतरी अलीकडे थांबलं, असं बायकोला सांगितलं, आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं. ग्लाफिराने दार लोटून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसून तीही रडली.