केळीच्या सोपटाची गाठ

"आ कर. जीभ दाखीव."

अक्का हे म्हणायच्या ते एखाद्या पोराला नव्हे, गवताला. काडी उजेडाकडे धरायची, पान आणि खोड जिथे मिळतात तिथलं म्यान नखाने अलगद मागे ओढायचं आणि एक डोळा मिटून आत बघायचं. त्या सांध्यात गवताला एक बारीक पापुद्रा असतो. कुणाला पापुद्र्याऐवजी नुसती लव असते, कुणाला काहीच नसतं. त्यालाच त्या जीभ म्हणत. ती पाहिल्याशिवाय अक्कांनी कुठल्याही गवताची ओळख मान्य केली नाही.

"पान फसविते तंबी. फूल तर चार दिवसांचे," त्या मला सांगायच्या. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. "जीभ बघून घे, मग नाव सांग."

मला नावं सांगता यायची नाहीतच. मी तंजावूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचा टायपिस्ट. पत्रं, प्रश्नपत्रिका आणि हर्बेरियमची लेबलं टंकणं हे माझं काम. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं कपाट. जाड कागदावर झाड बसवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल चिकटवायचं. त्या कपाटांच्या किल्ल्या अक्कांच्या कमरेला असत. हजेरीपटावर त्या अटेंडर होत्या. बी.एस्सी. झाल्या होत्या, पण पुढे शिकायला तिरुच्चीच्या होस्टेलात राहायला वडिलांनी नाही म्हटलं, आणि त्याच कॉलेजात अटेंडरची जागा होती ती त्यांनी घेतली. आमच्यासारख्याच त्याही मराठा राजांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरातल्या, म्हणून दुपारच्या डब्याला आम्ही दोघं मराठीत बोलायचो आणि बाकीचे हसायचे.

कामावर येण्याआधी निम्मा दिवस त्यांचा होऊन गेलेला असे. पहाटेची टाऊन बस पकडून त्या कालव्याकाठच्या गावांत उतरायच्या. हातात प्लास्टिकच्या वायरची पिशवी, तीत दहीभाताचा डबा, एक विळा आणि जुने तमिळ पेपर. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "गाय कधी आणली अक्का?" असं तो रोज विचारायचा. "गाय नाही, मीच खाते," असं या रोज सांगायच्या. शेतकरी आधी हाकलायचे, मग बोलावून न्यायला लागले, कारण भाताच्या रोपात मिसळून वाढणारं तण त्या लांबून ओळखायच्या. भाताला जीभ असते, त्या तणाला नसते. पीक पोटरीला येण्याआधी हे कळलं की एका बाईचं दोन दिवसांचं खुरपणं वाचतं.

गवत दाबून वाळवायला विभागात लाकडी चौकट होती, पण ती नेहमी प्रोफेसरांच्या नमुन्यांनी भरलेली. मग अक्का गवत घरी न्यायच्या आणि पिठाच्या रगड्याच्या दगडाखाली ठेवायच्या. त्यांच्या वहिनी माझ्याकडे तक्रार करायच्या. मी एकदा इडलीच्या आशेने सकाळी गेलो तर अक्काच दारात येऊन म्हणाल्या, "आज उप्पुमा खा. रगड्याखाली गवत अहे, चार दिवस उठणार नाही."

झाड कागदावर बसवायची त्यांची रीत वेगळी होती. सगळे डिंक किंवा चिकटपट्टी लावायचे. अक्का केळीच्या खोडाचं सुकं सोपट भिजवायच्या, नखाने दोऱ्याइतकं बारीक चिरायच्या, सुईने कागदाला दोन भोकं पाडून काडी बांधायच्या. देवळाबाहेरच्या फुलवाल्या मोगऱ्याचा गजरा ज्या गाठीने बांधतात तीच गाठ. एरवी हलत नाही, पण शेपटी धरून ओढली तर सुटते. "डिंक किडे खातात. नार खात नाहीत," असं त्यांचं म्हणणं (नार म्हणजे तमिळमध्ये हा सोपटाचा दोरा), आणि ते खरं निघालं. डिंकाची झाडं कपाटात खाली गळून पडली, अक्कांची अजून जागेवर आहेत. लेबल मात्र डिंकानेच चिकटवायचं, हा प्रोफेसरांचा नियम होता आणि तो त्या पाळायच्या.

प्रोफेसर वाईट माणूस नव्हते. मुलांच्या फिया त्यांनी भरलेल्या मी पाहिल्या आहेत. पण लेबलावर 'गोळा करणारा' या ओळीत विभागप्रमुखाचं नाव घालायचं अशी विभागाची चाल होती. ती त्यांच्या आधीच्या प्रमुखांनी पाडली, यांनी चालू ठेवली. अक्का मला चिठ्ठीवर गाव, कालवा, माती, जीभ सगळं लिहून द्यायच्या आणि ती ओळ कोरी सोडायच्या. मी ती भरायचो. अशी किती लेबलं मी टंकली ते मला सांगता येणार नाही.

एकदाच त्यांनी ती ओळ कोरी सोडली नाही.

तिरुवैयारूच्या अलीकडे एका कालव्याच्या उतारावर त्यांना एक गवत मिळालं. त्याची जीभ कुठल्याच पुस्तकात बसेना. वर्षभर त्या तिथे जात राहिल्या. फुलोरा आणला, बी आणलं, मुळं आणली. त्या वर्षात त्या माझ्याशी दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही. शेवटी प्रोफेसरांनी भिंग लावून पाहिलं, बाहेरच्या मोठ्या हर्बेरियमला पत्रं पाठवली आणि गवत नवीन आहे हे नक्की झालं. त्या दिवशी अक्कांनी मला चिठ्ठी दिली. 'गोळा करणारा' या ओळीत त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट.

मी टाइपरायटरवर कागद चढवला. प्रोफेसर मागे येऊन उभे राहिले, चिठ्ठी वाचली आणि सहज म्हणाले, "चालीप्रमाणे करा." एवढंच. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. मी चालीप्रमाणे केलं.

डब्याच्या वेळी लेबल अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून गवतासारखंच पाहिलं. मी म्हटलं, "अक्का, मी काय करूं? त्यांनी सांगट्लें."

"तुझे काय चुकले?" त्या म्हणाल्या. "टाइप बरी अहे. अक्षरें सरळ अहेत."

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी डबा उघडला आणि जेवलो.

गवताला प्रोफेसरांच्या गुरुजींचं नाव मिळालं. पाहुणे आले, विभागात छोटा समारंभ झाला, अक्का कॉफीचे पेले घेऊन फिरत होत्या. एका पाहुण्याने शीट, म्हणजे गवत बांधलेला तो जाड कागद, हातात घेऊन विचारलं, "किती सुरेख बांधलंय! कुणी?" प्रोफेसर म्हणाले, "आमच्या अटेंडरबाई." अक्का हसल्या आणि त्याच्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. तुम्हीही अशा कॉफी देणाऱ्या बाया पाहिल्या असतील. आपण पेला घेतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो.

वर्षं गेली. प्रोफेसर गेले, त्यांचा फोटो व्हरांड्यात लागला. अक्का निवृत्त झाल्या, मागून मीही. त्या भावाच्या मुलाकडे राहायच्या. मी महिन्यातून एकदा कॉफीला जायचो. एकदा त्यांनी अचानक विचारलं, "त्या कालव्याच्या गवताचे शीट अहे का तिथेच?"

"असेल की," मी म्हटलं.

"लेबलास कोणी डिंक तर लाविला नाही?"

म्हातारपणी माणूस काहीही विचारतं असं मला वाटलं. मी म्हटलं, "कोण लावणार आता?" त्यांनी मान डोलावली, आणि आम्ही कॉफी प्यालो.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. अस्थी घेऊन आम्ही तिरुवैयारूच्या घाटावर गेलो, त्यांचा तो भाचा आणि मी. भाच्याच्या काखेत लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं.

"अत्तेच्या वह्या, काका. देवाच्या कपाटात होत्या. स्तोत्रें असतील. मला अक्षरें वाचतां येतात, पण घरच्या चार वाक्यांपलीकडे मराठी कळत नाही."

त्याने वरची वही उघडून दाखवली. पानाच्या डोक्यावर तमिळ लोक गणपतीची खूण काढतात ती होती, कडेला हळदीचं बोट होतं, खाली तमिळ अक्षरांत मराठी. यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्या घरांत देवनागरी येणारे बोटांवर मोजण्याएवढे. बायकांची गाणी, आरत्या, पच्चडीच्या कृती सगळं असंच लिहिलेलं असतं. माझ्या आईचीही अशी वही होती, आणि ती आम्ही तिच्यामागून कावेरीलाच दिली होती. देवाची अक्षरं रद्दीत घालू नयेत, ही रीत. पुरोहितही तेच म्हणाले.

भाच्याच्या हातात कलश होता म्हणून गाठोडं मी घेतलं. त्या घाटावर ती वही वाचून अर्थ लागेल असा मी एकटा होतो, पण वाचावं असं माझ्या मनात आलं नाही. ऊन चढलं होतं, घरी जाऊन आंघोळ करायची होती. मी गाठोडं पाण्यात सोडलं. ते थोडं लांब गेलं, एकदा वळलं आणि बुडालं. मी हात जोडले.

यंदा विभागातून बोलावणं आलं. जुन्या शीटचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललंय, ते करणारी मुलगी चेन्नईची आहे. लेबलांवरची अक्षरं पुसट झालेली, आणि ती टंकणारा मीच तेवढा उरलेलो. तिने माझ्यासमोर एक वही ठेवली. हर्बेरियमच्या कपाटाच्या तळाशी, लाल फडक्यात सापडली होती.

"अंकल, अक्षरं तमिळ आहेत पण भाषा कळत नाही. मंत्र आहेत का?"

वर गणपतीची खूण होती. कडेला हळद होती. मी वाचायला लागलो. 'सकाळी साहा. दुसऱ्या कालव्याची पूर्वेची बाजू. माती काळी. जीभ आखूड, कडेस लव.' पुढच्या पानावर दुसरं गवत, त्याच्या पुढे तिसरं. प्रत्येकाला अनुक्रमांक होता आणि तोच अनुक्रमांक कपाटातल्या शीटांवर पेन्सिलीने होता. सगळी वही अशीच. हळद किडीसाठी होती. देवाच्या कपाटात कापूर असतो, म्हणून बाकीच्या वह्या तिथे.

ती मुलगी खूश झाली. फील्डबुक, म्हणजे गोळा करतानाच्या नोंदींची अशी वही, असलं की गोळा करणाऱ्याचं नाव दुरुस्त करता येतं, ती म्हणाली. या वहीतल्या सगळ्या शीटांवर अक्कांचं नाव लागेल. मग तिने त्या नव्या गवताचं शीट काढलं. "हे या वहीत नाही. वर्ष पुढचं आहे. बाकीच्या वह्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

"मी टंकलं ते लेबल," मी म्हटलं. "मी सांगतो ना, ते गवत अक्कांचं आहे."

"नुसत्या सांगण्यावर बदलता येत नाही, अंकल. तुमची चिठ्ठी जोडता येईल, तुमच्या सहीने. लोक वाचतील."

मी शीट जवळ ओढलं. इतक्या वर्षांत ते मी पुन्हा पाहिलं नव्हतं. गवत जागच्या जागी होतं. लेबल सरळ करायला बोट लावलं तर ते हललं. डिंक नव्हता. चारही कोपरे कोरडे होते. वरच्या दोन कोपऱ्यांना बारीक भोकं पाडून ते केळीच्या सोपटाने बांधलेलं होतं, आणि गाठ मागे नव्हती, समोर होती. शेपटी बोटात धरता येईल इतकी लांब ठेवली होती. अख्ख्या कपाटात डिंक न लावलेलं हे एकच लेबल.

अक्कांनी ते बदलण्यासाठी बांधलं होतं. जन्मभर वाट पाहिली, आणि एकदा मला विचारलंही.

मी गाठ ओढली नाही. आता जुनं लेबल काढायचं नसतं, असा नवीन नियम आहे. मी चिठ्ठी लिहिली: हे गवत कुणी शोधलं, वडिलांच्या नावासकट, लेबल कुणी टंकलं, वह्या कुणी नदीत सोडल्या. खाली सही केली. मुलीने डिंकाची बाटली पुढे केली. मी नको म्हटलं.

येताना देवळाबाहेरच्या फुलवालीकडून सोपटाची जुडी आणली. तिने गाठ दोनदा करून दाखवली, मग गिऱ्हाईक आलं. चिठ्ठी अजून त्या शीटमध्ये सुटीच पडून आहे. मी रोज सकाळी वाटीत सोपट भिजवतो, झाडूची काडी पोस्टकार्डावर ठेवतो आणि बांधून बघतो. अजून गाठ बसत नाही.