साठ जणींच्या हाताची पिठी

पोरींनो, रत्नागिरीहून एसटी सुटली तेव्हा मी तीनदा जागा बदलली. शेवटी वाहकाने विचारलंच, सीट टोचते का म्हणून. काय सांगणार त्याला? अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं, आणि तुम्ही साठ जणी आजूबाजूला नसताना बसायचं कसं, तेच मला कळत नव्हतं.

पुण्याला गाडी बदलून केडगावला उतरले. स्टॉपवर रेवाताई उभी होती. आपल्यासारख्या मुलींना महिनाभर परमुलखातल्या घरी ठेवायचं आणि दर आठवड्याला येऊन विचारपूस करायची, हे तिचं काम. महिन्यानंतर मला ठरवायचं होतं: शहरात, सावेडीला एकटीने खोली घ्यायची, की पुन्हा वसतिगृहात घंटेवर उठायचं. नर्सिंगचा कोर्स दोन्हीकडून जवळच. अडत होतं ते माझ्या धाडसापाशी.

माझ्या वाट्याला आलं श्रीगोंद्याजवळचं शांताकाकूंचं घर: दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाहेर ऊस, नाहीतर मोकळा माळ. समुद्राचा वारा नाही की ओल नाही. काका शुगर फॅक्टरीत वजनकाट्यावर, काकू खुरपणीला (शेतातलं तण काढायला). दिवसभर मी मोकळी. मोकळेपण लई (फार) वाईट, बरं का! घंटा नाही, कामाची पाळी नाही. मी आपली अंगणात, ओट्यावर, पुन्हा अंगणात. कुत्रंसुद्धा कंटाळून उठून गेलं.

आठव्या दिवशी म्हटलं, यांना आपलं कोकण दाखवू. डब्यात हुलग्याचं (आपल्या कुळथाचं) पीठ होतं. पिठी करायला घेतली, पण हात पडला साठ जणींचा. पीठ घट्ट होत गेलं, मी पाणी ओतत गेले, पातेली बदलत गेले. शेवटी अंघोळीचं पाणी तापवायचा टोप चुलीवर चढला.

काकू आल्या तेव्हा मी दाराशी हात बांधून उभी. अन्न वाया घातलं की आपल्याकडे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी चाखून पाहिलं, हसता हसता खालीच बसल्या आणि मग सगळ्या आळीत तांब्यातांब्याने पिठी वाटून आल्या. शिक्षा काही नाही. त्याने मी जास्तच बेचैन झाले. रागवा तरी, म्हणाले.

"रागवून काय हुतंय?" काकू म्हणाल्या. "उद्या तुझ्यापुरतं कर. तुला भूक किती लागती?"

मला माहीतच नव्हतं. पळीने वाढलं तेवढं आपण खात आलो. रडू फुटलं आणि काकूंचा रागही आला, असं उघडं पाडल्याबद्दल.

मग महिनाभर तेच शिकले. कधी दीड भाकरीत पोट भरायचं, कधी तिसरी लागायची. रेवाताई दर आठवड्याला विचारायची, काय ठरवलंस; मी दर आठवड्याला विषय बदलायची.

महिना संपला. केडगावला आपल्या ऑफिसात रेवाताईने दोन अर्ज पुढे ठेवले. मी खोलीचा उचलला. खाली रकाना होता, 'जवळचे नातेवाईक'. आजवर तिथे अधीक्षकबाईंचं नाव पडायचं, आता तेही नाही. अर्ज ठेवून दिला. वसतिगृहाचा उचलला, त्यात तो रकाना नव्हता. तोही ठेवला. उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. आणि काकूंना फोन लावला.

"काकू, खोलीच्या कागदावर जवळचं माणूस म्हणून तुमचं नाव घालते."

"घाल की. नातं काय लिवतीस?"

"तुम्ही सांगा."

काकू म्हणाल्या, "मावशी लिव. कुनी चौकशी केली तर माझ्याकडं धाडून दे."

पोरींनो, सावेडीच्या या खोलीत मला अजून भीती वाटते. दिवसातून चार वेळा उगाच जिना उतरते आणि चढते. पण तुमची बाहेर पडायची वेळ आली आणि तो रकाना रिकामा राहिला, तर माझं नाव घाला. नात्याच्या जागी ताई लिहा.